इलिओस्टोमीची पिशवी आणि रात्रीची झोप: गळती कशी थांबवायची?

पाऊलवाट

नमस्कार. आईच्या (वय 61) गुदाशयाच्या ऑपरेशननंतर तात्पुरती लूप इलिओस्टोमी केली आहे, म्हणजे लहान आतड्याचा वेढा पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढला आहे आणि शी तिथून पिशवीत उतरते. त्या बाहेरच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. दीड महिना होत आला. स्टोमा उजव्या बाजूला आहे. टू पीस बॅग वापरतो: पोटाला चिकटणारी 57 मिमीची प्लेट आणि तिच्या रिंगवर बसणारी, खाली वेल्क्रोने बंद होणारी पिशवी. डिस्चार्जच्या वेळी नर्सनी प्लेटला जसं भोक कापून दाखवलं, त्याच मापाने अजून कापतो आहोत.

दिवस बरा जातो. रात्री दोन-तीनच्या सुमारास पिशवी फुगून टम्म होते, आणि दर दोन-तीन दिवसांनी पहाटे प्लेटच्या खालच्या कडेने गळते. तिथली त्वचा लाल झाली आहे, आग होते. भीतीने आई रात्रभर उताणी, न हलता पडून राहते, त्याने पाठ धरते. जेवण साडेनऊला होतं. पिशवी भरू नये म्हणून तिने संध्याकाळपासून पाणी पिणं बंद केलं आहे.

1. कुशीवर झोपलं तर चालतं का?
2. गळू नये म्हणून प्लेटभोवती चिकटपट्टी लावावी का?
3. रात्री किती वेळा उठवून पिशवी रिकामी करावी?

---

बोरन्हाण

पाऊलवाट, आधी चिकटपट्टीचं. कडेने पट्टी लावून गळती थांबत नाही, आत कोंडली जाते. इलिओस्टोमीच्या पातळ शीमध्ये पाचकरस असतात. ते प्लेटखाली अडकले की काही तासांत कातडी सोलवटते. प्लेटखाली आग किंवा खाज सुरू झाली म्हणजे गळती आत सुरू झालेली आहे, बाहेर दिसो वा न दिसो. मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी प्लेट बदलायची. प्लेट नीट बसलेली असेल आणि फक्त कडा गुंडाळल्या जात असतील, तर त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराच्या लवचिक पट्ट्या मिळतात. त्यांचा उपयोग तेवढाच.

आता मूळ कारण. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे आकसत जातो. डिस्चार्जच्या वेळचं माप आज नक्कीच मोठं पडत असणार. भोक आणि स्टोमा यांच्यात जी उघडी कातडी राहते तिच्यावर रात्रभर पातळ शी साचते आणि तिथूनच प्लेट उकलायला लागते. भोक स्टोमापेक्षा सगळीकडून जेमतेम 1 ते 1.5 मिमी मोठं हवं, म्हणजे व्यासात 2 ते 3 मिमी. पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. प्लेटच्या खोक्यात मापाचं कार्ड असतं.

लूप स्टोमा बहुधा गोल नसतो, लांबट असतो. कार्डावरची गोल भोकं त्याला लागू पडत नाहीत. पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा स्टोमावर हलकेच धरा, मार्करने कडा गिरवा, त्यावर "वर" असं लिहा आणि तो साचा कापा. एक गोष्ट मात्र हमखास चुकते: प्लेट कापताना रेषा मागच्या कागदावर आखतो, आणि ती बाजू पोटाकडे जाते. त्यामुळे साचा उलटा करून ठेवावा लागतो. स्टोमा तिरका लांबट असेल आणि साचा उलटा करायचा राहिला, तर भोक आरशातल्यासारखं उलट्या दिशेला तिरकं होतं. मग एका बाजूला स्टोमा घासतो आणि दुसऱ्या बाजूला कातडी उघडी पडते.

पुढची प्लेट काढाल तेव्हा ती लगेच फेकू नका. उजेडात धरून मागची बाजू बघा. भोकाभोवतीचा भाग पांढरट, फुगलेला, मऊ झालेला दिसेल. त्याची रुंदी सगळीकडे सारखी आणि चार-पाच मिमीपर्यंत असेल तर प्लेट नीट बसली होती, फक्त तिचे दिवस भरले होते. पण एखाद्या ठिकाणाहून तपकिरी ओघळ कडेकडे गेलेला असेल, तर पाणी तिथून वाट काढतंय. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा लिहून ठेवा: डोकं 12, पाय 6. मग आईंना खुर्चीत बसवून त्या जागी पोटाला घडी पडते का, खळगा आहे का ते बघा. उताणं झोपवून प्लेट लावली की पोट सपाट दिसतं. घडी पडते ती बसल्यावर आणि कुशीवर वळल्यावर.

घडी किंवा खळगा असेल तर तेवढ्याच जागी स्टोमा पेस्ट किंवा बॅरियर रिंग (प्लेटखाली बसवायचं मऊ, चिकट कडं) वापरा. पेस्ट म्हणजे डिंक नव्हे, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी (पुट्टी). फट भरण्यापुरतीच, बारीक रेघ. जास्त लावली की प्लेट तिच्यावर तरंगते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या त्वचेवर ती झोंबते. आईंची त्वचा लाल आहे म्हणून रिंग बरी. बोटांनी ताणून तिला स्टोमाच्या आकाराची करा आणि थेट मुळाशी बसवा.

बदलायची वेळ सकाळची, चहाच्याही आधी. तेव्हा आतडं सगळ्यात शांत असतं, आणि प्लेटला पकड घ्यायला अख्खा दिवस मिळतो. कोमट पाण्याने धुवायचं, साबण नको, ओला टिश्यू नको, डेटॉल-सॅव्हलॉन नको, खोबरेल तर नकोच नको. तेलाचा अंश राहिला तर महागातली महाग प्लेट सुटते. टिपून पूर्ण कोरडं करा. सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरवा, जास्तीची झटका, त्यावर बिनअल्कोहोलचा बॅरियर स्प्रे (त्वचेवर संरक्षक थर देणारा) मारून सुकू द्या. त्वचा ओलसर असेल तर हेच दोन-तीन थर करा. प्लेट दोन तळहातांमध्ये मिनिटभर धरून कोमट करा, लावल्यावर भोकापासून बाहेरच्या दिशेने दाबा, आणि वर हात ठेवून दोन मिनिटं तरी राहू द्या. इलिओस्टोमीला प्लेट तीन-चार दिवसांनी बदलावी, ती गळायची वाट बघू नये.

---

मेतकूट

बोरन्हाण यांनी प्लेटचं सांगितलंच आहे. पिशवीत येणाऱ्या मालाचं, म्हणजे शीचं, मी सांगते, कारण रात्रीची गळती निम्मी जेवणाच्या वेळेवर ठरते.

सगळ्यात आधी, आईंचं पाणी लगेच सुरू करा. हे झोपेपेक्षाही महत्त्वाचं आहे. इलिओस्टोमीतून लिटरभर पातळ शी गेली की तिच्याबरोबर पाच-सहा ग्रॅम मीठ जातं, म्हणजे चहाचा चमचाभर. पाणी तोडलं की शी कमी होत नाही, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पण तांब्याच्या तांब्या साधं पाणी घटाघटा पिणं हाही उपाय नाही. नुसतं पाणी शरीरातलं मीठ आतड्यात ओढून घेतं आणि माल आणखी पातळ होतो. सरबत आणि फळांचे रसही तेच करतात. दिवसभर घोट घोट पिऊ द्या, त्यातला मोठा वाटा ओआरएसचा. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवायचं, ग्लासभर पाण्यात चिमटी टाकून नाही. बहुतेक पाणी संध्याकाळी सहापर्यंत पोटात जावं, जेवणानंतर लागेल तसे घोटभर. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

जेवण साडेनऊला म्हणजे त्याचा भर येणार ऐन झोपेत. सात, फार तर साडेसात. मुख्य जेवण दुपारी, रात्रीचं हलकं. माल घट्ट करणारे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत: आसट दहीभात, पेज, साबुदाण्याची लापशी, उकडलेला बटाटा कुस्करून, पिकलेलं केळं. रात्री उसळी नकोत, त्यातही वाल, हरभरा, छोले, वाटाणा. कोबी, फ्लॉवर, मुळा, कच्चा कांदाही नको. पिशवीचा फुगा होतो तो याने. सोड्याची पेयं बंद. घाईने खाणं, जेवताना बोलणं, स्ट्रॉने पिणं यानेही हवा गिळली जाते.

सध्या ओलं-सुकं खोबरं, शेंगदाणे, मका, मश्रूम, अननस, संत्र्याच्या फोडीची सालं हे सगळंच टाळा. ऑपरेशननंतरचे पहिले दीड-दोन महिने आतडं सुजलेलं असतं, आणि असा चोथा स्टोमाच्या तोंडाशी अडकतो. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा, बारीक चावून.

दोन दिवस मोजमाप ठेवा. पिशवी थेट कमोडमध्ये न सोडता मापाच्या मगात सोडा आणि लिहा. स्थिरावलेल्या इलिओस्टोमीत दिवसाला साधारण 500 ते 1000 मिली असतं. चोवीस तासांत 1500 मिलीच्या वर जात असेल तर झोपेचे उपाय बाजूला ठेवा आणि सर्जनला फोन करा. तिथे लोपेरामाइड (आतड्याची गती मंदावणारं औषध) लागू शकतं. ते जेवणाआधी अर्धा तास घेतात, कधी झोपतानाही, पण किती आणि कधी ते डॉक्टरच सांगतील. इसबगोल मनाने सुरू करू नका. शी घट्ट दिसते, शरीरातून पाणी-मीठ मात्र जास्त जातं.

---

गोधडी

झोपण्याच्या स्थितीबद्दल: कुशीवर बिनधास्त झोपू द्या. टाक्याची जागा दुखत नसेल तर कुठल्याच बाजूला बंदी नाही.

उजव्या, म्हणजे स्टोमाच्या कुशीवर: पिशवी गादीवर टेकते, तिचं वजन प्लेटला ओढत नाही. पोट गादीत दाबलं जाऊ नये म्हणून थोडं मागे रेलायचं, पाठीशी लोड. डाव्या कुशीवर: पिशवी पोटावरून लोंबते आणि भरली की प्लेटची वरची कड ओढते. पोटासमोर छोटी उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा आणि पिशवी तिच्यावर टेकवा. गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. त्याने पोटाच्या भिंतीवरचा ताण उतरतो. रोज पालथं झोपायची सवय असेल तर अजून काही महिने थांबावं.

टू पीसचा एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो: पिशवी प्लेटवर फिरवून लावता येते. दिवसा शेपूट पायांकडे. रात्री ते तिरकं, उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला वळवा. उताणं पडल्यावर माल स्टोमापाशी न साचता बाजूला उतरतो आणि जांघेत पिशवी दुमडत नाही. तुमची गळती खालच्या कडेने होते आहे, त्यामुळे हे आज रात्रीच करून बघा.

फुगलेल्या पिशवीची हवा टू पीसमध्ये वरून सोडता येते: पिशवी प्लेटवर जिथे बसते त्या रिंगचा वरचा थोडा भाग उचलायचा, हवा काढायची, परत दाबायचा. पण झोपेत, अंधारात हे केलं की रिंग अर्धवट बसते आणि तासाभरात अख्खी पिशवी सुटते. बोट गोल फिरवून दाबा, "टक" ऐका, मग पिशवी हलकेच ओढून खात्री करा. रिंगच्या खाचेत मळ अडकला असेल तरी ती बसत नाही. पिशवीला फिल्टर असेल तर तो ओला झाला की बंद पडतो, आणि पातळ मालात तो लवकरच ओला होतो. म्हणून आंघोळीच्या वेळी त्यावर खोक्यातला स्टिकर लावायचा, नंतर काढायचा.

रात्रीसाठी मोठ्या मापाची पिशवी मिळते, त्याच रिंगच्या मापाची घ्या. पाणी शोषून जेल करणाऱ्या पुड्याही मिळतात. झोपताना पिशवीत एक टाकली की माल डुचमळत नाही.

कपडे: परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी स्टोमावर येते आणि पिशवीचे दोन कप्पे करते. माल वरच अडतो आणि प्लेटखाली शिरतो. रात्री सैल सुती गाऊन. पिशवी हलती राहिली की भीती वाटते, त्यासाठी पोटाला मऊ, ताणणारा सुती पट्टा चालतो. घट्ट बाइंडर नको. पिशवीचं प्लास्टिक घामाने चिकटत असेल तर जुन्या सुती पंच्याचं कव्हर शिवा, वरून उघडं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे कव्हर फार उपयोगी पडतं.

गादीवर दुहेरी अंथरूण घाला: मेणकापड, चादर, त्यावर परत मेणकापड किंवा 60 बाय 90 सेंमीचं अंडरपॅड, त्यावर चादर. गळलं तर वरची जोडी काढायची, खाली कोरडं तयार.

उठवण्याबद्दल: दर तासाला उठवू नका, दोघींच्याही झोपेचं खोबरं होतं. झोपायच्या अगदी आधी पिशवी पूर्ण रिकामी करा, आणि चार तासांनी एकदाच गजर लावा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची हा दिवसाचा नियम, रात्री अर्धीपर्यंत चालेल. चार-पाच रात्री सलग गजराच्या वेळी ती एक तृतीयांशापेक्षा कमी भरलेली सापडली, तर गजर अर्ध्या तासाने पुढे सरकवा.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोजलं. स्टोमा 34 बाय 28 मिमी, थोडा तिरका. आम्ही 42 मिमीचं गोल भोक कापत होतो. काढलेल्या प्लेटवर 6 ते 7 वाजण्याच्या जागी तपकिरी ओघळ होता. चोवीस तासांचा माल 900 मिली भरला.

आणखी दोन गोष्टी. स्टोमा खालच्या बाजूने त्वचेला जवळजवळ चिकटून आहे, नळीसारखा वर आलेला नाही. आणि लाल भागाच्या बाहेरही बारीक पुटकुळ्या आहेत, त्यांना खाज येते.

---

बोरन्हाण

900 म्हणजे ठीक. 37 बाय 31 चं लांबट भोक कापा. इतके दिवस बाजूंनी सहा-सात मिमी कातडी उघडी पडत होती. लाली तिथलीच.

इलिओस्टोमी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर असली की माल थेट पिशवीत पडतो. लूपमध्ये दोन तोंडांपैकी पुष्कळदा एक खाली त्वचेच्या पातळीला असतं आणि माल प्लेटखाली सरकतो. अशा वेळी मधला भाग फुगीर असलेली कॉन्व्हेक्स प्लेट आणि पट्टा लागतो. भोवतालची त्वचा तिने दाबली जाते आणि स्टोमा थोडा वर येतो. मात्र ही प्लेट ऑनलाइन मागवू नका. टाके पूर्ण भरले नसतील तर तिच्या दाबाने जखम उघडू शकते. स्टोमा नर्सला दाखवून, तिने सांगितलेल्या उंचीचीच घ्या. पट्टा स्टोमाच्या रेषेत हवा, आत दोन बोटं सहज जावीत. मुंबईच्या जवळ असाल तर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईचीच. इतर शहरांत ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथेच आधी विचारा.

खाजणाऱ्या पुटकुळ्या लाल भागाच्या बाहेर विखुरलेल्या असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. दमट हवेत प्लेटखाली तो होतो. डॉक्टरांना दाखवा, आणि औषध मलम नको, पावडर द्या असं आवर्जून सांगा. मलमावर प्लेट चिकटत नाही.

---

मेतकूट

यांत थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं: चार ते सहा तास पिशवीत काहीच नाही आणि पोटात कळा किंवा उलट्या, स्टोमा जांभळा-काळा पडणं, चक्कर, पायात गोळे आणि लघवी अगदी कमी. काहीच उतरत नसताना जुलाबाचं औषध किंवा लोपेरामाइड, दोन्ही देऊ नका.

---

गोधडी

रात्रीच्या बदलासाठी पलंगाजवळ एक डबा: दोन प्लेट आधीच कापून ठेवलेल्या, दोन पिशव्या, रिंग, पावडर, मऊ कापडाचे तुकडे, पाण्याची बाटली, कचऱ्याची पिशवी, टॉर्च. पुष्कळ प्लेट एकदम कापून ठेवू नका, माप अजून बदलतंय. साठा थंड, कोरड्या जागी. उन्हातल्या खिडकीत किंवा गाडीत राहिली तर प्लेट मऊ पडते, फ्रिजमध्ये कडक होते.

---

आभाळमाया

इथेच विचारते. वडिलांना युरोस्टोमी आहे. लघवीची पिशवी रात्री दोन-तीनदा रिकामी करावी लागते. त्यांनाही हेच लागू का?

---

गोधडी

प्लेटचं आणि त्वचेचं सगळं तेच, पण त्यांना रात्री उठायची गरज नाही. युरोस्टोमीच्या पिशवीच्या तोटीला जोडणीचा तुकडा लावून दोन लिटरची रात्रीची पिशवी जोडायची. तो तुकडा बहुधा पिशव्यांच्या खोक्यातच असतो, जपून ठेवा. जोडण्याआधी पोटावरची पिशवी पूर्ण रिकामी करू नका, थोडी लघवी राहू द्या. जोडून तोटी उघडली की नळी भरते आणि पुढचा ओघ सुरळीत चालतो. कोरडी नळी जोडली तर हवा अडकते आणि लघवी वरच साचते. सकाळी "नळी जोडलेली होती, तरी गळलं" असं जे होतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

नळी लेंग्याच्या आतून पायावरून खाली न्या आणि मांडीला सैल पट्ट्याने अडकवा, म्हणजे कूस बदलताना पीळ पडत नाही. मोठी पिशवी गादीच्या खालच्या पातळीला, पलंगाच्या कडेला हुकावर टांगा. जमिनीवर गादी घालून झोपत असतील तर उतार मिळत नाही. त्यांना पलंगावर किंवा खाटेवर झोपवा. पाणी कमी करू नका, लघवी दाट झाली की संसर्ग होतो.

सकाळी मोठी पिशवी रिकामी करून धुवा. मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी नळीतून आत सोडा, अर्धा तास ठेवा, धुऊन सावलीत तोंड खाली करून वाळत टांगा. जोडणीच्या तोंडाला हात लावण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवा.